नॉर्थ कोलवरचे चौघे आणि जॉर्ज मॅलरी

जॉर्ज मॅलरी हे नाव निघाले, की चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते. ८ जून १९२४ रोजी ढगांत दिसेनासा होण्यापूर्वी तो एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचला होता की नाही? या प्रश्नावर ग्रंथ लिहिले गेले, शोधमोहिमा निघाल्या, वादही झाले. उत्तर अद्याप मिळालेले नाही. या एका प्रश्नाच्या सावलीत मॅलरीच्या आयुष्यातील दुसरी एक घटना मात्र झाकली गेली. त्या अखेरच्या चढाईच्या पंधरा दिवस आधी, २४ मे रोजी, तो याच पर्वताच्या एका बर्फाच्या उतारावर उभा होता. त्या दिवशी शिखराचा विचारही त्याच्या मनात नव्हता. वर अडकलेल्या चार भारवाहकांना जिवंत खाली आणायचे होते. खोकल्याने बेजार झालेला, आठवडाभर नीट झोप न मिळालेला हा माणूस त्या दिवशी तेथे का गेला, हे समजून घ्यायचे तर आधीची दोन वर्षे पाहावी लागतात.

मॅलरीचा जन्म १८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधील चेशर परगण्यातल्या मॉबर्ली या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. गणितातील शिष्यवृत्तीवर तो विंचेस्टरच्या शाळेत गेला आणि तेथील ग्रॅहम अर्व्हिंग या शिक्षकाने १९०४ मध्ये त्याला आल्प्सच्या पायथ्याशी नेऊन उभे केले. पुढे केंब्रिजच्या मॅग्डलेन महाविद्यालयात इतिहासाचा अभ्यास, सुट्ट्यांत वेल्सच्या कड्यांवर चढाई आणि १९१० पासून चार्टरहाउस शाळेत अध्यापन, असा त्याचा क्रम होता. कवी रॉबर्ट ग्रेव्हज हा त्याचा तिथला विद्यार्थी. कड्यावर त्याची हालचाल इतकी सहज असे, की पाहणाऱ्यांना ते कष्टाचे काम वाटत नसे. याच माणसाचा विसरभोळेपणाही मित्रमंडळींत प्रसिद्ध होता. वस्तू हरवणे, काहीतरी मागे ठेवून निघणे हे त्याच्या बाबतीत नित्याचे. एव्हरेस्टवरही हा स्वभाव त्याला सोडून गेला नाही.

२९ जुलै १९१४ रोजी त्याचा रूथ टर्नरशी विवाह झाला आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच ब्रिटन महायुद्धात उतरले. १९१६ मध्ये तो तोफखान्यात अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर होता. ज्या पिढीने खंदकांत आपले निम्मे मित्र गमावले, त्या पिढीचा तो प्रतिनिधी. पुढे एव्हरेस्टवर या मंडळींनी मृत्यूची जोखीम ज्या थंडपणे मोजली, त्याचे मूळ काही अंशी या युद्धात असावे.

एव्हरेस्टची वाट त्या काळी दार्जिलिंगवरून जात असे. नेपाळ परकीयांना बंद होता. तेराव्या दलाई लामांनी परवानगी दिल्यामुळे १९२१ मध्ये तिबेटच्या बाजूने पहिली पाहणी मोहीम निघाली. दार्जिलिंगहून सिक्कीम ओलांडायचे, जेलेप खिंडीतून चुंबीच्या खोऱ्यात उतरायचे आणि मग तिबेटच्या वाऱ्याने झोडपलेल्या पठारावरून पश्चिमेकडे कित्येक आठवडे चालायचे. शिखराच्या पायथ्याशी पोहोचण्यापूर्वीच या वाटेने एक बळी घेतला. उंचीवरील श्वसनाचे त्या काळचे सर्वांत जाणकार अभ्यासक डॉ. अलेक्झांडर केलास कांपा झोंगजवळ वाटेतच निवर्तले.

त्या वर्षी मॅलरी आणि त्याचा शाळासोबती गाय बुलक यांनी ऐन पावसाळ्यात पर्वताला जवळजवळ प्रदक्षिणा घातली. जूनमध्ये ज्या मोसमी पावसाची मुंबईकर चातकासारखी वाट पाहतात, तोच पाऊस हिमालयाच्या त्या उंचीवर बर्फ होऊन उतरतो. दुपारनंतर ढग, रात्री हिमवृष्टी, सकाळी गुडघाभर भुसभुशीत बर्फ, असे आठवडे गेले. वर जाणारी खरी वाट पूर्व रोंगबुक हिमनदीतून होती. तिचे अरुंद तोंड आरंभी त्यांच्या नजरेतून निसटले आणि तिचा माग भूमापक ऑलिव्हर व्हीलरच्या मोजणीतून लागला. हाच व्हीलर पुढे भारताचा महासर्वेक्षक झाला. २४ सप्टेंबर १९२१ रोजी मॅलरी, बुलक आणि व्हीलर सुमारे ७,००० मीटर उंचीवरील नॉर्थ कोल या खिंडीत पोहोचले. माथ्याकडे जाणारी धार समोर दिसत होती, पण वारा माणसाला उभे राहू देत नव्हता. ते परतले.

या मोहिमेने एक धडा दिला. हिवाळाभर शिखरावर प्रचंड वेगाचे पश्चिमी वारे आदळत असतात. मोसमी वारे पुढे सरकू लागले, की हे वारे उत्तरेकडे ढकलले जातात आणि पावसाळी बर्फ पडू लागण्यापूर्वी काही मोजके दिवस शांत मिळतात. मे महिन्याची अखेर ते जूनचा आरंभ, एवढीच ती फट. आजही बहुतेक मोहिमा याच दिवसांवर डोळा ठेवून असतात. फरक इतकाच, की आज उपग्रहाची चित्रे आणि अंदाज तंबूत मिळतात. मॅलरीच्या काळात हवेचा दाब दाखविणारे यंत्र, आकाशातील ढगांचा रंग आणि स्वतःचा अनुभव यांवरच भिस्त होती. हिमालयाचा अनुभव तर कोणालाच पुरेसा नव्हता.

१९२२ ची मोहीम जनरल चार्ल्स ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली गेली. २१ मे रोजी मॅलरी, हॉवर्ड सॉमरवेल आणि एडवर्ड नॉर्टन यांनी कृत्रिम प्राणवायूविना सुमारे ८,२२५ मीटरची उंची गाठली. माणसाने आठ हजार मीटरची रेषा ओलांडल्याची ही पहिलीच नोंद. उतरताना वाटेत मागे थांबलेला मॉर्सहेड त्यांना येऊन मिळाला आणि चौघे एका दोरात असताना तिघे एकापाठोपाठ घसरले. मॅलरीने आइस अॅक्स बर्फात रोवली, दोर तिच्याभोवती टाकला आणि साऱ्यांचा भार पेलला. काही दिवसांनी जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूची नळकांडी घेऊन सुमारे ८,३२० मीटरपर्यंत गेले. एवढ्यावर मोहीम आटोपती घेतली असती, तर कोणी नावे ठेवली नसती.

पण तिसरा प्रयत्न करायचे ठरले. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताजे बर्फ पडले. मग ऊन पडले आणि ७ जून रोजी मॅलरी, सॉमरवेल आणि कॉलिन क्रॉफर्ड हे चौदा भारवाहकांसह नॉर्थ कोलच्या उतारावर चढू लागले. नव्या बर्फाचा थर जुन्या, टणक बर्फाला चिकटायला वेळ लागतो. तोपर्यंत तो उतारावर नुसता टेकलेला असतो आणि माणसांच्या चालण्याने पडलेली आडवी रेघही तो सुटायला पुरते. मॅलरीने हे अगदीच दुर्लक्षिले असे नाही. आरंभीच्या तीव्र चढावर पाय दाबून, चर पाडून त्यांनी बर्फाची परीक्षा घेतली होती. ते टिकले म्हणून पुढचेही टिकेल, असे मानले गेले. दुपारी दीडच्या सुमारास सारा उतार सरकला. पुढच्या दोरावरील मॅलरी व त्याचे साथीदार बर्फातून स्वतःला सोडवू शकले. मागच्या दोरांवरील नऊ भारवाहक मात्र एका हिमकड्यावरून खाली फेकले गेले. दोघांना जिवंत काढता आले. सात जण गेले.

मृतांत एकही युरोपीय नव्हता. ही गोष्ट सॉमरवेलच्या मनाला फार लागली. आपल्यातील एखादा त्यांच्यासोबत गेला असता, तर निदान ही लाज उरली नसती, अशा आशयाचे त्याने पुढे लिहून ठेवले. याच सॉमरवेलने त्यानंतर त्रावणकोरमधील नेय्यूर येथील मिशन रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून आयुष्याचा मोठा काळ घालवला. मॅलरीने दोष स्वतःकडे घेतला. या माणसांना डोंगराचे धोके कळत नव्हते, ती आपल्या भरवशावर आली होती, अशी बोचणी त्याच्या पत्रांतून दिसते. मोहिमेतील ज्येष्ठ डॉक्टर टॉम लाँगस्टाफ यांनी तर ताज्या बर्फावर त्या उतारावर जाण्याच्या निर्णयाची खासगी पत्रात कठोर शब्दांत हजेरी घेतली. आज त्या नोंदी वाचताना लाँगस्टाफ यांच्या बाजूने कौल द्यावासा वाटतो. परीक्षा घेतली होती हे खरे, पण ज्याला वाट पाहायची नसते तो अशा परीक्षेत उत्तीर्णच होतो.

१९२३ मध्ये मॅलरी अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेला. एव्हरेस्ट का चढायचे, या प्रश्नाला त्याने दिलेले म्हणून सांगितले जाणारे तीन शब्दांचे उत्तर याच दौऱ्यातले. ते इतके गाजले, की माणसापेक्षा उत्तरच मोठे झाले. त्याच वर्षी त्याला केंब्रिज विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात प्रौढांना शिकविण्याची नोकरी मिळाली होती. घरी आठ, सहा आणि तीन वर्षांची तीन मुले होती. पुन्हा जावे की जाऊ नये, याविषयी त्याचे मन दीर्घकाळ दोलायमान राहिले. अखेरीस तो निघाला. मार्च १९२४ मध्ये ‘कॅलिफोर्निया’ या बोटीने तो मुंबई बंदरात उतरला. सोबत अँड्र्यू अर्व्हाइन हा एकवीस वर्षांचा तरुण होता, ऑक्सफर्डचा विद्यार्थी, हिमालय प्रथमच पाहणारा, पण यंत्रे दुरुस्त करण्यात विलक्षण हात असलेला. मुंबईहून आगगाडीने देश ओलांडून ते दार्जिलिंगला गेले.

त्या वर्षी हवामानाने आरंभापासूनच वैर धरले. जनरल ब्रूस हिवतापाने आजारी पडून वाटेतूनच परतले आणि नेतृत्व नॉर्टनकडे आले. चढाईची सूत्रे मॅलरीकडे होती. एप्रिलच्या अखेरीस रोंगबुक मठापलीकडे बेस कॅम्प लागला. तिथून पूर्व रोंगबुक हिमनदीवर तीन कॅम्प, चौथा नॉर्थ कोलवर, असा आराखडा कागदावर सुबक होता. मेच्या पहिल्या आठवड्यात मॅलरी भारवाहकांची पहिली तुकडी घेऊन सुमारे ६,४०० मीटरवरील तिसऱ्या कॅम्पात पोहोचला आणि तिथेच गणित फसले. उंचीवरच्या थंडीसाठी आणलेल्या झोपण्याच्या पिशव्या आणि स्टोव्ह अद्याप खालीच होते. माणसांजवळ अंगावर घ्यायला एकेक घोंगडी. रात्री पारा शून्याखाली ३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला.

पुढचे दिवस या कॅम्पात राहिलेल्यांनी जे भोगले, ते मोहिमेच्या अहवालांत फारच संयमाने नोंदले आहे. वारा तंबूच्या कापडाच्या फटीफटीतून भुकटीसारखे बर्फ आत फेकत असे. सकाळी उठावे तर पांघरुणावर बर्फाचा थर. भारवाहक उलट्या आणि डोकेदुखीने निपचित पडलेले, इतके की अन्न शिजवायलाही कोणी उठेना. मॅलरी खाली गेला, सामान वर आणायची व्यवस्था करून पुन्हा वर आला. पण खालच्या कॅम्पांतून वर येणारी तुकडीही वादळात सापडली आणि भाराच्या साखळीची कडी एकामागून एक तुटली. ११ मेच्या सुमारास सर्वांना बेस कॅम्पवर माघारी यावे लागले. मेंदूतील रक्तस्रावाने शमशेरपुन हा गुरखा सैनिक आणि पाय हिमदंशाने निकामी झालेला मनबहादूर हा मोची, असे दोघे दगावले. मोचीचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो. शिखराच्या कथेत तळव्यांना नाल ठोकणाऱ्या माणसाला सहसा जागा मिळत नाही.

१५ मे रोजी रोंगबुकच्या लामांनी सर्वांना आशीर्वाद दिले आणि खचलेल्या भारवाहकांना थोडा धीर आला. दुसरा प्रयत्न सुरू झाला. २० मे रोजी मॅलरी, नॉर्टन, नोएल ओडेल आणि एक भारवाहक यांनी नॉर्थ कोलची वाट पाडली. १९२२ चा जीवघेणा उतार टाळून त्यांनी एका उभ्या बर्फाच्या चिमणीतून मार्ग काढला. परतताना मॅलरी बर्फाने झाकलेल्या भेगेत कोसळला. हातातील आइस अॅक्स भेगेत आडवी अडकली म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी जॉन हॅझर्ड बारा भारवाहकांसह कोलवर राहिला आणि बर्फ पुन्हा कोसळू लागले. २३ मे रोजी हॅझर्ड खाली आला तेव्हा त्याच्यासोबत आठच जण होते. वाटेतील एका ताज्या बर्फाच्या तिरक्या पट्ट्याला घाबरून चौघे मागे फिरले होते. ते वर होते, त्यांच्याजवळ अन्न फारसे नव्हते आणि त्यांतील काहींना हिमदंश झाला होता.

खाली नॉर्टनसमोर पेच होता. उतार पुन्हा १९२२ सारखाच झाला होता, तेच ताजे बर्फ, तीच जागा. वर जाण्याजोगी अनुभवी माणसे तिघेच. मॅलरी खोकत होता, सॉमरवेलचा घसा सुजला होता आणि नॉर्टनही धडधाकट नव्हता. शिखराचा खरा प्रयत्न करायचा तर याच तिघांची ताकद राखून ठेवायला हवी होती. सापडलेल्या नोंदींत या निर्णयावर वाद झाल्याचे कोठे दिसत नाही. २४ मेच्या सकाळी तिघे निघाले.

मांडीभर बर्फातून वाट तुडवत ते दुपार कलता तिरक्या पट्ट्याच्या अलीकडे आले. पलीकडे चौघे दिसत होते. सॉमरवेल पुढे झाला. मॅलरी आणि नॉर्टन यांनी आइस अॅक्स रोवून त्याचा दोर धरला. तो पावला-पावलाने सरकत गेला आणि चौघे दहा-बारा पावलांवर असताना दोर संपला. पहिले दोघे एकेक करून त्याच्यापर्यंत आले. उरलेले दोघे एकदमच निघाले, त्यांच्या पायाखालचे बर्फ सुटले आणि ते उतारावरून घसरू लागले. काही अंतरावर, कड्याच्या अलीकडे, बर्फाचा थर दाबला जाऊन थबकला. सॉमरवेलने त्यांना हलू नका म्हणून बजावले, कमरेचा दोर सोडला, त्याचे टोक एका हाताने धरले आणि दुसरा हात लांबवून दोघांनाही मानगूट पकडून ओढून घेतले. अंधार पडल्यावर सारे तिसऱ्या कॅम्पजवळ आले, तेव्हा ओडेल आणि छायाचित्रकार जॉन नोएल गरम सूप घेऊन सामोरे आलेले होते.

चौघे वाचले. किंमतही चुकवावी लागली. पुन्हा माघार, पुन्हा आठवडाभराचा विलंब आणि तिघांची उरलीसुरली शक्ती खर्ची. पंचावन्न भारवाहकांपैकी वर जाण्याजोगे पंधराच उरले. या पंधरांना नॉर्टनने ‘टायगर’ हे नाव दिले आणि पुढे अनेक वर्षे ते शेर्पांच्या मानाचे बिरुद ठरले. १ जूनला मॅलरी आणि जेफ्री ब्रूस वर गेले. वाऱ्याने भारवाहकांचा धीर सुटला आणि तेही परतले. ४ जून रोजी नॉर्टन प्राणवायूविना ८,५७० मीटरच्या वर एकटा पोहोचला. हा विक्रम १९७८ पर्यंत अबाधित राहिला. त्या रात्री तो हिमांध झाला आणि सॉमरवेलला उतरताना घशातील सुजेने श्वास कोंडून मृत्यूच समोर दिसला.

आता ऋतूची फट मिटत आली होती. आतापर्यंत प्राणवायूच्या यंत्रांविषयी फारसा उत्साह नसलेल्या मॅलरीने यंत्रे वापरायचे ठरवले आणि ती चालवू शकणाऱ्या अर्व्हाइनला सोबत घेतले. दोघे ६ जूनला नॉर्थ कोल सोडून निघाले. ७ जूनला शेवटच्या कॅम्पवरून भारवाहकांसोबत त्याने खाली चिठ्ठ्या पाठवल्या. हवा उत्तम असल्याचे त्यात होते, स्टोव्ह उतारावरून घरंगळून गेल्याचे होते आणि कंपास तंबूत विसरल्याचेही. मित्रांना हा मॅलरी चांगला परिचयाचा होता.

८ जूनला ओडेल एकटाच मागून चढत होता. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ढग क्षणभर विरले आणि वरच्या धारेवर त्याला दोन काळे ठिपके पुढे सरकताना दिसले. नियोजनापेक्षा त्यांना कित्येक तास उशीर झाला होता. मग पडदा पुन्हा मिटला. दोनच्या सुमारास ओडेल सहाव्या कॅम्पात पोहोचला तेव्हा वारा आणि बर्फ सुरू झाले होते. तो थोडा वर गेला, शिट्ट्या मारल्या, हाका दिल्या. चारच्या सुमारास हवा निवळली. धारेवर कोणी नव्हते. दोन दिवसांनी तो पुन्हा त्या तंबूपर्यंत गेला. तंबू तसाच होता. झोपण्याच्या पिशव्या बर्फावर ‘टी’ या इंग्रजी अक्षराच्या आकारात मांडून त्याने खाली खूण केली.

त्या दुपारच्या वादळाला ओडेलने फारसे महत्त्व दिले नव्हते. तासा-दोन तासांचा झोत, एवढीच त्याची समजूत. बेस कॅम्पवर सॉमरवेल हवेच्या दाबाच्या नोंदी ठेवत असे. त्या १९२६ मध्ये छापल्याही गेल्या होत्या, पण कोणी त्यांकडे वळून पाहिले नाही. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये त्या तपासल्या, तेव्हा त्या दिवसांत दाब लक्षणीय घसरल्याचे आढळले. शिखरावर हवा समुत्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असते. त्यात दाब आणखी उतरला, की प्राणवायूही उतरतो आणि नळकांडी संपलेल्या माणसासाठी पर्वत जणू आणखी उंच होतो. वादळाचा जोर ओडेलला वाटला त्याहून पुष्कळ अधिक असावा, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

मोहीम निघण्यापूर्वी बेस कॅम्पजवळ दगड रचून एक स्मारक उभारले गेले. तीन मोहिमांतील मृतांची बारा नावे त्यावर कोरली होती. केलास होते, १९२२ चे सात भारवाहक होते, शमशेरपुन आणि मनबहादूर होते आणि मॅलरी व अर्व्हाइन. लंडनमध्ये ऑक्टोबर १९२४ मध्ये सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये झालेली शोकसभा मात्र दोघांसाठीच होती. मॅलरीचा धाकटा भाऊ ट्रॅफर्ड पुढे हवाई दलात एअर चीफ मार्शलपदापर्यंत चढला. नोव्हेंबर १९४४ मध्ये आशियाकडे येताना त्याचे विमान खराब हवेत फ्रेंच आल्प्समध्ये कोसळले आणि तोही डोंगरातच राहिला.

१९३३ मध्ये धारेखाली अर्व्हाइनची समजली जाणारी आइस अॅक्स मिळाली. १ मे १९९९ रोजी कॉनरॅड अँकर या अमेरिकी गिर्यारोहकाला सुमारे ८,१५० मीटरवर मॅलरीचा देह सापडला. कमरेला तुटलेला दोर, मोडलेला उजवा पाय. गॉगल खिशात होता, त्यावरून उतरताना संध्याकाळ झाली असावी, असा तर्क केला जातो. शिखरावर ठेवण्यासाठी नेलेला म्हणतात तो रूथचा फोटो खिशात नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये मध्य रोंगबुक हिमनदीवर एक बूट मिळाला आणि त्यातील मोज्यावर अर्व्हाइनच्या नावाची पट्टी शिवलेली होती. त्याच वर्षी, शताब्दीच्या निमित्ताने, मॅग्डलेन महाविद्यालयाने मॅलरीचा पत्रसंग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. १९२२ च्या हिमस्खलनानंतर त्याने रूथला लिहिलेले पत्रही त्यात आहे.